वीरबाळाबेननी आखलेलं जयपूर

भावनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या वीरबाळाबेन भायाणींनी एकतीस वर्षं बालमंदिरात मुलं सांभाळली आणि सदतीस वर्षं नवऱ्याबरोबर प्रवास केला. दोन्हींत जास्त दमवणारं कुठलं, असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "बालमंदिरात निदान मधली सुट्टी असते."

त्यांचे यजमान धनसुखभाई एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. माइकवरून गाड्या पुकारायचं काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी आवाज डेपोतच राहिलेला. 'नाश्ता तयार आहे' हेसुद्धा ते असं सांगायचे की वाटावं, आता फलाट क्रमांक चारवर फाफडा लागणार. सहलीला निघाले की गळ्यात शिट्टी. चित्तोड जेवणाआधी, नाथद्वारा जेवणानंतर, संध्याकाळच्या आत उदयपूर. मी एकदाच त्यांच्याबरोबर पावागढ-चांपानेरला गेले होते. दिवसभरात सात ठिकाणं झाली आणि आपण काय काय पाहिलं ते मला घरी आल्यावर फोटो बघून कळलं.

मला भावनगरात सव्वीस वर्षं झाली. आमचे हे मिठागरांच्या कामासाठी इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. त्या घरात मला 'मराठीबेन' म्हणतात आणि रविवारी सकाळी गाठियांचा पुडा उघडताना माझ्यासाठी थांबतात. त्यामुळे त्या रविवारी मी तिथे होते.

दिवाळीला दोन महिने होते. धनसुखभाईंनी चष्मा चढवला, खिशातून घडीचा कागद काढला आणि घसा साफ केला. "राजस्थान. अकरा दिवस, एकोणीस ठिकाणं. पाडव्याला पहाटे चारला प्रस्थान."

वीरबाळाबेन गाठियांबरोबरचं तोंडीलावणं, कच्च्या पपईचा संभारा, वाढत होत्या. हातातला चमचा त्यांनी परत भांड्यात ठेवला. "मी नाही येणार," त्या म्हणाल्या.

सगळे थांबले. मुलगा निकुंज, सून फोरम, आठ वर्षांची नात ध्वनी, आणि धनसुखभाईंच्या आई जडावबा. बा चौऱ्याऐंशीच्या. तळलेली मिरची धरलेला त्यांचा हात तोंडाजवळच राहिला.

"तब्येत बरी नाही का?" धनसुखभाईंनी विचारलं.

"तब्येत ठणठणीत आहे. म्हणून तर सांगते. या वेळची सहल मी आखणार. एकच गाव. जयपूर. पाच दिवस. आणि सकाळी दहाच्या आधी काही नाही."

"जयपूर आपलं झालंय की. एक्क्याण्णव साली."

"तुमचं झालंय. माझं नाही झालं."

"तू तर तिथे हरवली होतीस!"

ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. डेपोतल्या लोकांची कुटुंबं घेऊन एक बस गेली होती, धनसुखभाई म्होरके. हवामहलाजवळ गाडीत चढताना त्यांनी डोकी मोजली, बावन्न भरली, गाडी सुटली. पुढे कळलं की कोणी एक इसम अजमेरपर्यंत फुकट जायला गुपचूप चढून बसलाय आणि वीरबाळाबेन मागेच राहिल्यात. अडीच तासांनी बस परत आली, तेव्हा त्या बाजारातल्या एका पायरीवर बसलेल्या सापडल्या. तेव्हापासून घरात या गोष्टीचं नाव 'वीरू हरवली तो दिवस'. पाहुण्यांना सांगायची, बिचारी म्हणायचं, आणि चहा प्यायचा.

"मी हरवले नव्हते," वीरबाळाबेन म्हणाल्या. आवाज शांत, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी बसले होते. समोर एक बाई कोळशावर लाखेच्या बांगड्या वळत होती, ते बघत राहिले आणि बस गेली. पाच मिनिटं घाबरले. मग म्हटलं, गाडी जिथून गेली तिथेच परत येईल. मग बसले. मुळे विकणाऱ्या बाईने मला अर्धा पेरू दिला, मीठ लावून. तिची भाषा मला नीट कळत नव्हती, माझी तिला नाही. दोघी खूप हसलो. आणि समोर तो महाल. ऊन त्याच्यावरून हळूहळू सरकताना मी पाहिलं. इतकी वर्षं इतक्या सहली केल्या, पण मला जर कोणी विचारलं की काय पाहिलंस, तर मी ते अडीच तास सांगेन."

ध्वनीने विचारलं, "दादी, पेरू लाल होता की पांढरा?"

"लाल."

मिरची तोंडात टाकून जडावबा सुनेकडे बघत म्हणाल्या, "मी वहूबरोबर जाणार. धनु, तू लहानपणी जेवायलासुद्धा अर्धा उभा असायचास. मला त्या अकरा दिवसांत नको घालूस."

त्या दिवसापासून वीरबाळाबेन कामाला लागल्या. बालमंदिराची एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर सगळ्यांना एकेक इच्छा विचारून लिहिली, आणि अट अशी की दुसऱ्याच्या इच्छेला हसायचं नाही. बांना गोविंददेवजींचं दर्शन हवं होतं, पण रांगेत उभं न राहता. निकुंजला कांद्याची कचोरी, गरम, कढईतून. ध्वनीला लाकडी ठशाने स्वतःचा रुमाल छापायचा होता. फोरम बराच वेळ 'काही नाही हो मम्मी, तुम्ही सगळे खूश तर मी खूश' म्हणत राहिली. मग वीरबाळाबेननी पेन खाली ठेवल्यावर हळूच म्हणाली, "मला एक दिवस नऊपर्यंत झोपायचंय. आणि उठल्यावर कोणी 'बरं नाही का' असं विचारायचं नाही."

"लिहिलं," वीरबाळाबेन म्हणाल्या. खरंच लिहिलं त्यांनी, तारीख घालून. खाली स्वतःची इच्छा लिहिली: बाजारातली ती पायरी.

धनसुखभाईंनी इच्छा सांगायला नकार दिला. "पाच दिवसांत पाच गोष्टी? याला सहल म्हणतात? एवढ्या लांब जाऊन खाटेवर बसायचं, तर आपल्या गच्चीवर काय वाईट आहे? मी येत नाही."

"नको येऊस," बा म्हणाल्या. "कुलूप लावायची चिंता मिटली."

सगळ्यात मोठा पेच तारखांचा होता. पाडव्यानंतर अख्खा गुजरात राजस्थानात उतरतो, तेव्हा जाण्यात अर्थ नव्हता. वीरबाळाबेनना लाभपंचमीनंतरचा आठवडा हवा होता. लोक परतलेले, शाळेला सुट्टी अजून बाकी. पण निकुंजचं बांगड्या-कंगवे-रिबिनींचं दुकान आणि लाभपंचमीला दुकान उघडायचं. "मुहूर्त करून लगेच शटर ओढलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" तो म्हणाला.

"शटर कशाला ओढतोस? हिंमतभाई आहेत ना?"

हिंमतभाई म्हणजे दुकानातले साठीचे जुने कामगार. वीरबाळाबेन त्यांना विचारायला स्वतः गेल्या. ते म्हणाले, "बेन, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला दुकान देऊन जातंय. दहा दिवस जा."

मग राहायची जागा. याआधी धर्मशाळा, कारण तिथून पहाटे निघायला बरं. वीरबाळाबेननी फोरमच्या मोबाइलवर जुन्या शहरातली घरं शोधली आणि एकेका ठिकाणी स्वतः फोन लावला. आपल्या काठियावाडी हिंदीत त्या जे प्रश्न विचारायच्या ते ऐकून मी पदर तोंडाला लावून बसायचे. "अंगणात सकाळचं ऊन कुठल्या बाजूला येतं? आमच्या बा चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांना किती पायऱ्या? बसायला खाट आहे की नुसत्या खुर्च्या? आणि सकाळी जाग येते ती कशाच्या आवाजाने?"

चार जणांनी 'वाय-फाय आहे' असं उत्तर दिलं. पाचवे कल्याणसिंह नावाचे गृहस्थ होते. ते जरा थांबून म्हणाले, "कबुतरांच्या. आणि नंतर आमच्या घरच्या मंडळींच्या." मागून एका बाईचा हसण्याचा आणि काहीतरी फेकल्याचा आवाज आला. वीरबाळाबेननी तिथल्या तिथे तीन खोल्या पक्क्या केल्या.

रोज संध्याकाळी त्या बांना चालायला नेऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या फाटकापर्यंत, दुसऱ्यात डेअरीपर्यंत, सहाव्या आठवड्यात बा देवळापर्यंत जाऊन वर दोन बायकांशी भांडून परत आल्या. बा किती वेळ चालतात, किती वेळाने बसावं लागतं, सगळं वहीत. त्यावरून जयपूरमधली अंतरं ठरायची. खायच्या डब्यांवरूनही वाद झाला. दरवेळी अकरा दिवसांचे थेपले-खाखरे निघायचे. या वेळी एकच डबा. "मग तिथे काय खायचं?" निकुंजने विचारलं. "तिथले लोक काय खातात?" वीरबाळाबेननी उलट विचारलं.

आणि मला म्हणाल्या, "तुम्ही पण चला. साहेब पुण्याला जाणारेत ना तेव्हा? एकट्या घरात काय करणार?" मी एका पायावर तयार झाले.

या सगळ्या काळात धनसुखभाई वर्तमानपत्रात तोंड खुपसून असायचे. पण कान आमच्याकडे. तिकिटं काढायची वेळ आली त्याच्या आदल्या दुपारी ते आमच्या दारात उभे. "मराठीबेन, खरं सांगा. बांना वरचा बर्थ तर नाही ना येणार?"

"फोरम मोबाइलवरून काढणार आहे उद्या. मिळेल तो मिळेल."

"मोबाइलवरून!" एवढंच म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला घामाघूम होऊन आले आणि तिकिटं टेबलावर आपटली. खिडकी उघडायच्या आधी अडीच तास रांगेत उभे होते. अहमदाबादला गाडी बदलण्यासाठी मध्ये दोन तास ठेवलेले, बांना खालचा बर्थ, तोही मधल्या डब्यात, म्हणजे फलाटावर कमी चालावं लागेल.

फोरमने मोजलं. "पप्पा, ही तर सात आहेत. तुम्ही तर येणार नव्हतात."

"गाडीत बांना पाणी कोण देणार?" ते म्हणाले आणि आंघोळीला गेले. वीरबाळाबेन स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या ओट्याला टेकून तोंड दाबून हसत होत्या.

जयपूरला पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मला जाग आली ती खरंच कबुतरांच्या आवाजाने. खिडकीतून खाली पाहिलं तर धनसुखभाई मफलर, टोपी, बूट अशा पूर्ण तयारीत अंगणात येरझारा घालत होते. साडेसहा वाजले होते. गळ्यात शिट्टी होती, पण वाजवायची हिंमत नव्हती, कारण वीरबाळाबेन समोर खाटेवर पाय दुमडून चहा पीत बसल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

"बसून?"

"बसून चहा."

"आणि चहा झाल्यावर?"

"आणखी चहा."

पहिला दिवस त्यांनी कसाबसा काढला. त्या दिवशी बांचं दर्शन झालं. कल्याणसिंहांच्या पत्नीने कुठल्या वेळी गर्दी कमी असते ते सांगितलं, आणि बा खांबाला टेकून, मनसोक्त, पाऊण तास बसल्या. बाहेर येताना म्हणाल्या, "आज पहिल्यांदा देवाचा चेहरा पाहिला. एरवी तुझी पाठच बघते मी, धनु, 'चला चला' म्हणत पुढे पळणारी."

दुसऱ्या दिवशी फोरमची तारीख होती. सगळे दबक्या पावलांनी वावरत होतो. नऊ वाजून गेले, सव्वानवाला ती केस सोडलेले, डोळे सुजलेले, अशी गॅलरीत आली आणि खाली आम्हाला बघून इतकी मोकळी हसली की निकुंज तिच्याकडे बघतच राहिला. नाश्त्याला बसलो तेव्हा लक्षात आलं, धनसुखभाई नाहीत. फोन खोलीत चार्जिंगला लावलेला. दहा वाजले, अकरा वाजले. निकुंज दोन गल्ल्या फिरून आला. कल्याणसिंह म्हणाले, सकाळी बसस्टँड कुठे आहे ते विचारत होते.

"गेले घरी रुसून," फोरम घाबरून म्हणाली.

"पिशवी खोलीत आहे. पिशवीशिवाय जाणारा माणूस नाही तो," बा म्हणाल्या, पण खाटेवरून त्याही उठल्या.

वीरबाळाबेन, निकुंज, ध्वनी आणि मी रिक्षाने स्टँडवर गेलो. ही गर्दी. या टोकापासून त्या टोकापर्यंत बस, हमाल, पोती. कुठे शोधणार? तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला आणि अस्सल काठियावाडी वळणाच्या हिंदीत आवाज घुमला, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! अजमेरला जाणारी गाडी फलाट तीनवर लागलेली आहे! फुकट बसलेल्यांनी आत्ताच उतरावं!"

"दादा!" आजोबांचा आवाज ओळखून ध्वनी किंचाळली.

नियंत्रण कक्षात धनसुखभाई खुर्चीत बसले होते, हातात कटिंग, भोवती चार खाकी गणवेश हसून लोटपोट. सहज डोकवायला म्हणून गेले होते, एकाने ओळख विचारली, मग डेपोच्या गोष्टी निघाल्या, मग कोणीतरी म्हणालं, काका, एकदा तुमचा आवाज ऐकवा. आम्हाला बघून ते एकदम उभे राहिले. शाळेतून पळालेल्या मुलासारखा चेहरा. मी वीरबाळाबेनकडे पाहिलं. आता काय बोलतात?

त्यांनी वही उघडली. "पानावर तुमची जागा रिकामी होती. हीच इच्छा लिहू का?"

"लिही," धनसुखभाई म्हणाले.

त्या दुपारी वीरबाळाबेन हवामहलासमोरच्या बाजारात जाऊन पायरीवर बसल्या. मी सोबत होते. लाखेच्या बांगड्यांचं ते दुकान आता बॅगांचं झालं होतं आणि मुळेवाली असणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्या पायावर शाल घेऊन खूश बसल्या. समोरून उंटगाडी गेली, शाळेच्या मुली गेल्या, एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध थांबून फोनवर कोणालातरी झापत होता. तासाभराने धनसुखभाई आले. पलीकडे बसले. दहा मिनिटं गेली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही."

आणखी दहा मिनिटं गेली. मग ते माझ्याकडे न बघता, खाली रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "त्या दिवशी मी डोकी दोनदा मोजली होती, वीरू. दोन्ही वेळा बावन्न. परत येईपर्यंत ड्रायव्हरला किती शिव्या दिल्या, आणि चूक माझी होती. तू इथे बसलेली दिसलीस. मी बसमधून उतरलोच नाही, आठवतं? दुसऱ्याला पाठवलं तुला बोलवायला."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"राग कसला. रडत होतो. पन्नास माणसांसमोर उतरू कसा?" त्यांनी मफलरने नाक पुसलं. "शिट्टी मी त्याच्यानंतरच घेतली. त्याआधी नव्हती माझ्याकडे. तुला ऐकू जावी म्हणून घेतली."

वीरबाळाबेन त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्या शिट्टीला त्यांनी मनातल्या मनात शंभर नावं ठेवली होती, तिच्याबद्दल त्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी शालीचा अर्धा भाग धनसुखभाईंच्या गुडघ्यांवर टाकला. मी उठले आणि मला अजिबात नको असलेल्या मोजड्या बघायला पलीकडच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा दोघं एका प्लेटमधून कचोरी खात भांडत होते, की यात बडीशेप जास्त आहे की धने.

उरलेले तीन दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हीच त्यांची मजा. ध्वनीने चार रुमाल छापले, चारही वाकडे, आणि रंगाने माखलेला हात दोन दिवस धुवू दिला नाही. निकुंज दुकानाला दिवसातून एकदाच फोन करायला लागला, आणि हिंमतभाईच म्हणाले की तोही करू नका. दुपारी अंगणात पत्ते. कल्याणसिंहांची पत्नी आणि बा, एकीची भाषा मारवाडी, दुसरीची गुजराती, पण दोघींनी मिळून सगळ्यांना हरवलं. चौथ्या दिवशी किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. सकाळी ऊन छान पडलं होतं, मेथीचे पराठे येत होते, आणि किल्ल्याला जायचं की नाही यावर हात वर करून मत घेतलं. पाच हात खाटेच्या बाजूने. किल्ल्याच्या बाजूने फक्त निकुंज. धनसुखभाईंचा हात कुठल्याच बाजूला नव्हता. तोंडावर वर्तमानपत्र घेऊन ते घोरत होते, सकाळी पावणेअकराला.

परत आल्यावर रविवारी मी गाठिये खायला गेले, तर दारात सी ब्लॉकच्या दोन बायका. त्याही दिवाळीत राजस्थान करून आलेल्या, दहा दिवसांत चौदा गावं. "जडावबा, तुम्ही काय काय पाहिलंत? किल्ला? जलमहाल? संग्रहालय?"

"काही नाही पाहिलं," बा आनंदाने म्हणाल्या. "पण फार मजा आली."

मग त्या निकुंजकडे वळल्या. "अरे, मला बूट आणून दे. ते पळायला जातात ना पोरी, तसले. नाड्यांचे."

"बूट? बा, तुम्हाला कशाला?"

"कशाला म्हणजे? वहूने पुढच्या वर्षीचं म्हैसूर काढलंय. तिथे देवीच्या टेकडीवर पायऱ्या आहेत म्हणे. आत्तापासून चालायला नको?"

धनसुखभाईंनी गाठियांचा पुडा खाली ठेवला, हात पुसले आणि बांच्या पावलाचं माप घ्यायला दोरी शोधायला उठले.